दोन देशांतून आलेला एकच कप्तान

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही म्हणाल, हा म्हातारा उगीचच संशय घेतो. अहो, संशय घेणे हेच तर माझे काम! घरात येणारे आणि घरातून जाणारे प्रत्येक पाकीट माझ्या हातून जाते. आत काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही, कारण पाकिटे बंद असतात. पण कोणी पाठवले आणि कुठे चालले, एवढे मला नेमके कळते. माणूस रोज कुठे जातो हे कळले, की त्याच्याविषयी फारसे काही कळायचे उरत नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा शेवटचा स्क्रू आवळला, मला वीज दिली, माझे पाचही दिवे लागलेले पाहिले आणि लगेच वीज काढून घेतली. एवढेच माझे बालपण. मग पुठ्ठ्याचे खोके आणि अंधार. ज्या जगात दिवा लावून लगेच विझवतात, त्या जगाशी जपूनच वागायचे, असे मी त्या खोक्यातच ठरवून टाकले.

मला विकत घेऊन आले ते बाबा. ते बंदरावर क्रेन चालवत. उंचावरच्या काचेच्या खोलीत एकटे बसायचे आणि लोखंडी पेट्या उचलून जहाजावर ठेवायच्या. पुढे पाठीच्या मणक्याने दगा दिला आणि क्रेनवरचा माणूस घरातल्या पलंगाला खिळला. मग वेळ जावा म्हणून एक टॅब आला आणि त्या टॅबसाठी मी आलो. मला बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर जागा मिळाली.

ती खोली म्हणजे आईचे कारखानाघर. आई कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, ती त्यात प्लास्टर ओतते, ते वाळले की त्यावर दात बसवते, घासते, चमकवते. माझ्या समोरच्या फळीवर तयार कवळ्यांची रांग असते. आठ वर्षे त्या माझ्याकडे पाहून हसत आहेत. कशाला हसतात, ते मला अजून कळलेले नाही.

बाबांनी टॅबवर एक संथ खेळ निवडला. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. एक रिकामा किनारा मिळतो आणि त्यावर आपले आपण बंदर उभारायचे. बाबांनी खात्याला नाव दिले ‘कप्तान’. त्यांची लेक तेव्हा दहा वर्षांची होती. प्रत्येक काम सावकाश करते म्हणून तिला गोगलगाय म्हणायचे आणि त्याचेच पुढे गोगी झाले. शाळेतून आली की गोगी पलंगावर चढे आणि दोघे मिळून धक्के, गोदामे, रस्ते बांधत. सहा वर्षे त्यांनी ते बंदर बांधले. बाबांचे खरे कौशल्य दिसे ते पाट्यांमध्ये. शाळेच्या रस्त्यावर त्यांनी पाटी लावली होती, ‘गोगलगायींना आधी जाऊ द्यावे.’ एका गोदामावर लिहिले होते, ‘आत काही नाही. खात्री करून घ्या.’ आणि समुद्राकडे तोंड केलेल्या एका बाकावर, ‘ही जागा दातवालीसाठी राखीव. इतर कोणी बसल्यास चावा घेतला जाईल.’ बाबांच्या आतल्या खोलीतून हसण्याचे आवाज आले, की आई हातातले काम टाकून पाहायला जाई.

त्या दिवसांत माझे कौतुक होते. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “हा गडी बघा. कपाटावर बसल्याबसल्या समुद्र घरात आणतो.” कौतुकावर विश्वास ठेवू नये हे मला कळते. तरी ते वाक्य मला आवडायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. पलंग काढून टाकला. टॅब कपाटात गेला. माझ्या जाळीत प्लास्टरची भुकटी साचू लागली आणि ती पुसायचे कोणाच्या ध्यानात येईना.

आता मी जे सांगणार आहे, ते त्या घरात फक्त मला ठाऊक होते. बाबा गेल्यानंतर महिन्याभराने, एका सकाळी सातच्या सुमारास, टॅबवरून एक पाकीट त्या खेळाच्या पत्त्यावर गेले. कॉलेजला निघण्याआधी गोगी गुपचूप कप्तान होऊन बंदरावर गेली होती. मग ती रोज जाऊ लागली. दुपारी चारच्या सुमारास दुसरे पाकीट त्याच पत्त्यावर जाऊ लागले. ते आईच्या फोनवरून होते. ओतलेले प्लास्टर वाळेपर्यंत अर्धा-पाऊण तास काहीच करता येत नाही. त्या वेळात आई स्टुलावर बसून बंदरावर जाई. पासवर्ड दोघींना माहीत होता. आईला कळले तर तिला त्रास होईल म्हणून लेक सांगत नव्हती आणि लेकीला कळले तर ती रडेल म्हणून आई सांगत नव्हती. दोघी एकाच दाराने आत जात आणि एकमेकींना चुकवत. मला दोघींचाही संशय यायचा. लपवण्यासारखे काही नाही, तर लपवतात कशाला?

असे जवळजवळ दोन वर्षे चालले. मग दीपगृह आले.

बंदराच्या उत्तर टोकाला बाबांनी एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे पाटी होती, ‘येथे दीपगृह होणार आहे.’ खेळात दीपगृहच नव्हते. बाबांनी ते कंपनीकडे तीन वेळा मागितले होते. आता कंपनीने जाहीर केले की दीपगृह येते आहे. एका दूरच्या देशात येत्या शनिवारी आणि बाकी सगळीकडे दोन महिन्यांनी. तो शनिवार म्हणजे बाबांचा वाढदिवस. गोगीच्या मनाने घेतले, की दीपगृह त्याच दिवशी उभे राहिले पाहिजे.

इथे मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवणे हे त्याचे काम, त्यासाठी तो रोज चारला येतो. माणूस मनाने चांगला, पण फुकट ते पौष्टिक या मताचा.

“दोन महिने कशाला थांबतेस?” तो म्हणाला. “व्हीपीएन टाक. मी सगळे सामने त्याच्यावरच बघतो.”

“पण खात्याला काही होणार नाही ना मामा? बाबांचं आहे ते.”

“काय होणारे? तू त्या देशात बसलीयेस असं त्यांना वाटतं, बस्स! आणि फुकट आहे गं.”

‘फुकट’ म्हटल्याबरोबर मी कान टवकारले. मित्रांनो, व्हीपीएन म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगतो. तुमच्या पाकिटावर दुसरे पाकीट चढवायचे आणि ते एका परक्या दुकानात पाठवायचे. दुकानदार वरचे पाकीट फाडतो, आतल्यावर स्वतःचा पत्ता घालतो आणि पुढे धाडतो. कामाच्या ठिकाणचे किंवा नीट पारखून घेतलेले व्हीपीएन असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण इथे दुकानदार कोण, ते मामालाही ठाऊक नव्हते. दुकान चालवायला यंत्रे लागतात, वीज लागते, माणसे लागतात. तो तुमच्याकडून पैसे घेत नसेल, तर दुसरे काय घेतो, हे आधी विचारायला नको का?

गोगीने त्याच रात्री ते टॅबवर टाकले. दुकानदार काय घेतो, ते मला दुसऱ्याच दिवशी दिसले. गोगी कॉलेजात, टॅब कपाटात, आई कामात. आणि त्या बंद कपाटातल्या टॅबवरून पाकिटांची झुंबड उडाली! बुटांची दुकाने, तिकिटांच्या खिडक्या, कुठले कुठले पत्ते. त्या अ‍ॅपने आमचे दार परक्यांना वापरायला दिले होते. कुठले कोण लोक आमच्या घराचा पत्ता लावून जगभर हिंडत होते आणि त्यांतले काही त्याच खेळाच्या दारावर पुन्हा पुन्हा धडका मारत होते. मी माझा दिवा वेड्यासारखा लुकलुकवला. मामाने पाहिले आणि मला एक थापट मारली.

“म्हातारा झालाय हा,” तो म्हणाला.

शिवाय ते व्हीपीएन रोज नवा देश धरायचे. सोमवारी सकाळी कप्तान एका खंडात, त्याच दुपारी आमच्या घरी, मंगळवारी सकाळी तिसऱ्याच देशात. खेळाच्या कंपनीतही माझ्यासारखेच कोणीतरी संशयी बसलेले असणार. मी त्याच्या जागी असतो, तर काय समजलो असतो?

शनिवार उजाडला. दीपगृह चारला मिळणार होते. कॉलेजला सुट्टी, गोगी आतल्या खोलीत टॅब घेऊन बसली. बाहेर आईने प्लास्टर ओतले, हात पुसले आणि स्टुलावर बसून फोन काढला. चारला दोन मिनिटे असताना कप्तान दूरदेशातून बंदरावर आला. चार वाजता तोच कप्तान आमच्या घरातून आला. एक माणूस, दोन देश, दोन मिनिटे. कंपनीने खाते बंद केले. दीपगृहाचा पहिला दगडही अजून ठेवला नव्हता.

आतून गोगीची किंकाळी आली. इकडे आईने फोनवरची तांबडी सूचना पाहिली, फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि विचारले, “काय झालं गं?” तिचा आवाज मला खोटा वाटला आणि तो खोटाच होता.

“आई, कोणीतरी बाबांचं खातं चोरलंय!”

बाबांच्या ईमेलवर कंपनीचे पत्र आले होते. ते ईमेल टॅबवर उघडेच होते. पत्रात कोण केव्हा कुठून आत आले याची यादी होती. गोगीने ती वर सरकवत नेली आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या सकाळच्या सातच्या फेऱ्या तिला ओळखू आल्या. पण रोज दुपारी चारला, याच घरातून, दुसऱ्याच कोणीतरी! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ दोन वर्षे.

रोज चारला घरात कोण येते? मामा दारात उभाच होता.

“मामा, खरं सांग. तूच ना?”

“अगं, मी कवळ्या न्यायला येतो! मला काय करायचंय तुमच्या बंदराचं? मला पोहतासुद्धा येत नाही.”

“मग आमच्या वायफायचा पासवर्ड कोणाला दिलायस?”

मामा घुटमळला. “शेजारच्या केस कापणाऱ्याला. पण एकालाच हं!”

“म्हणजे त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना!”

मामा रागाने लाल झाला. “मी दवाखान्यांपर्यंत सायकल मारत तुमचे दात पोचवायचे आणि वर चोर पण मीच?” गोगी स्टूल ओढून माझ्याकडे आली. तिने मला कपाटावरून उतरवले, टॅबवर माझी सेटिंगची पाने उघडली आणि कपाळाला हात लावला.

“हा आठ वर्षं खोक्यातून आला त्याच पासवर्डवर चालतोय! याच्यातून कोणीही आत येईल.”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साऱ्या जगावर मी पाळत ठेवली आणि माझ्याच कुलपाची किल्ली जन्मापासून बदललेली नव्हती. गोगीने मला टेबलावर पालथे टाकले आणि म्हणाली की आजच्या आज हा कचऱ्यात.

“त्याला काही बोलू नकोस,” आई म्हणाली. “मामालाही नको. चारला मी असते.”

गोगीने मान वर केली.

“प्लास्टर वाळेपर्यंत,” आई म्हणाली. “तू कॉलेजात असतेस. मी बाकावर जाऊन बसते जराशी. त्यांच्या पाट्या वाचते. दुसरं काही करत नाही गं मी.”

गोगी आईजवळ आली. “म्हणजे मी सकाळी जायचे, तेव्हा कप्तान बाकावर बसलेला असायचा, तो...”

“मीच बसवायचे. आणि मी गेले की तो दीपगृहाच्या जागेवर उभा दिसायचा.”

“मी न्यायचे त्याला तिथे.”

“मला वाटायचं...” आई म्हणाली आणि पुढचे वाक्य तिने गिळले.

ते वाक्य मी पुरे करतो. आईला वाटायचे, की ते स्वतःच उठून तिथवर चालत जातात. गोगीलाही वाटायचे, की बाबा रोज दुपारी आईच्या बाकावर जाऊन बसतात. असे काही होत नसते, हे दोघींना पक्के ठाऊक होते. म्हणूनच दोघींनी कधी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि ते उत्तर दोघींनाही नको होते. त्या दुपारी ते मिळाले. आई रडली, गोगी रडली आणि मामा दाराकडे तोंड करून उगीचच सायकलची घंटी पुसत बसला.

त्याच दिवशी गोगीने ते व्हीपीएन काढून टाकले. परकी पाकिटे बंद झाली आणि घर एकदम शांत झाले. माझा पासवर्ड बदलला. आता फक्त खाते परत मिळवायचे होते.

कंपनीने खात्री पटवण्यासाठी बाबांच्या फोनवर आकडे पाठवले. तो नंबर केव्हाच बंद झाला होता. मग गोगीने बाबांच्या नावाने अर्ज लिहिला, ‘मी स्वतः खातेदार असून...’ कंपनीने उलट कळवले, ओळखपत्र हातात धरून आजचा फोटो पाठवा. गोगीची बोटे थांबली.

“खरं लिही,” आई म्हणाली.

“खरं लिहिलं तर ते कायमचं बंद करतील आई.”

“तरीही. त्यांच्या नावाने खोटं नको.”

चार दिवसांनी उत्तर आले. लिहिणारे माणूस भले असावे. मी संशयी आहे, तरी मला तसे वाटले. सहा वर्षे त्याच पत्त्यावरून किती प्रेमाने बंदर बांधले ते आम्हाला दिसते आहे, असे त्यात होते. पण गेलेल्या माणसाचे खाते दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शिवाय गेल्या काही दिवसांत खाते अनेक देशांतून उघडले गेले आणि तुमच्या घराच्या पत्त्यावरून दुसऱ्यांची अकरा खाती फोडण्याचा प्रयत्न झाला. त्यामुळे नियमाला मुरड घालणे आमच्या हातात नाही. तीस दिवस बंदर फक्त पाहण्यासाठी उघडे राहील. कप्तानाला हिंडता येईल, पण काही बांधता येणार नाही. आपल्याच घरातून यावे, व्हीपीएनविना.

मामाने ते पत्र दोनदा वाचले. “मी सांगितलं म्हणून टाकलंस ना गं ते,” तो म्हणाला. पुढचे तीस दिवस तो चारला येत राहिला आणि कवळ्या घेऊन लगेच न जाता थांबू लागला.

त्या तीस दिवसांत मी माझे सगळे बळ लावले. गोगी कॉलेजातून लवकर येऊ लागली. चार वाजले, प्लास्टर ओतले, की दोघी एका स्टुलाला दुसरे स्टूल लावून बसत. आई पाटी वाचे, गोगी वहीत उतरवून घेई आणि टॅबवर पडद्याचे चित्र टिपून ठेवी. एकूण दोनशे बारा पाट्या निघाल्या. ज्या गोदामात काही नाही असे लिहिले होते, त्याची खात्री त्यांनी करून घेतली. आत खरोखरच काही नव्हते आणि त्यावर दोघी पोट धरून हसल्या. धक्क्याच्या पायऱ्यांखाली एक पाटी दोघींनीही कधी पाहिली नव्हती. ‘येथे रडू नये. पाणी आधीच खारट आहे.’ ती आईने वाचली आणि लिहायला गोगीला बराच वेळ लागला.

पण मला खरा चटका लावून गेला तो त्या तिसांतला दुसरा दिवस. आदल्या दिवशी त्यांनी कप्तानाला शाळेच्या रस्त्यावर सोडले होते. दुसऱ्या दिवशी बंदर उघडले आणि तो तिथेच उभा होता. रोज तो जिथे सोडला तिथेच असे.

तिसाव्या दिवशी, चार वाजून चाळीस मिनिटांनी, त्या पत्त्यावर माझ्या हातून शेवटचे पाकीट गेले. त्यानंतर आजतागायत तिकडे कोणी गेलेले नाही.

आता कपाटावर नवा राउटर आहे. माझ्यासाठी कंपनीकडून सुधारणा येणे कधीच बंद झाले होते. गोगीने मला काढले ते योग्यच केले, मनाला लागले तरी. नव्याला आठ दिवे आहेत. इतके दिवे कशाला लागतात, हे मला विचाराल, तर... असो. मी खालच्या कप्प्यात जुन्या साच्यांशेजारी पडून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी खाती असतील. त्यांत खेळाडू असतो, आकडे असतात, आणि कधीकधी एखादे अख्खे माणूस असते. त्यावर परक्याचा मुखवटा चढवण्याआधी नियम वाचा. दुकानदार कोण, ते शोधा. फुकट अ‍ॅप घरात घेताना ते तुमचे दार आणखी कोणाला उघडून देते, ते पाहा. आपल्या कपाटावरच्या म्हाताऱ्याचा पासवर्ड बदला आणि त्याच्या जाळीवरची धूळ पुसा. आणि खाते ज्यांचे आहे ते माणूस असेपर्यंतच, ‘हे पुढे कोणाचे?’ असे त्यांना विचारून ठेवा.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी स्वतःला दोष देतो. सकाळी सातला कोण जाते आणि दुपारी चारला कोण, हे मला दोन वर्षे माहीत होते. एका भिंतीच्या अंतरावर त्या दोघी एकाच माणसाला शोधत होत्या. मला त्यांना एवढे एकच वाक्य सांगायचे होते. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.